जेनोवा बघायचंय तर सुरुवात वरून करा

इटलीतल्या जेनोवात उतरल्यावर लगेच बंदराकडे पळू नका. आधी पियाझ्झा पोर्तेल्लोहून लिफ्टने कास्तेल्लेत्तो या उंचावरच्या भागात वर जा, तिथून जुनं शहर, बंदर आणि १५४३ चा लँतेर्ना दीपस्तंभ सगळं एकत्र दिसतं आणि खालच्या अरुंद गल्ल्यांचा अंदाज येतो, नाहीतर तिथे हमखास चकायला होतं. खाली आलात की विया गारिबाल्दी या रस्त्यावर जा. तिथले श्रीमंत घराण्यांचे वाडे २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, आणि त्यातल्याच पालाझ्झो तुर्सी या वाड्यातल्या म्युझियममध्ये प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन असतं ते अजिबात सोडू नका. म्युझियमच्या वेळा मात्र आधी चेक करा. सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये १९४१ चा न फुटलेला ब्रिटिश तोफगोळा ठेवलाय, खरंच काटा येतो अंगावर. व्हेज खाणाऱ्यांनी फारिनाता मागावी, चण्याच्या पिठाची असते, गरमच खा.