क्यूजीआयएसमध्ये सीमारेषा काढताय? या चुका टाळा

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये शेपफाइल (सीमांचा डेटा असलेली फाइल) ओढून टाकली, फिल म्हणजे आतला रंग काढला, स्ट्रोक म्हणजे कडेची रेषा काळी केली की झाला जिल्ह्यांचा नकाशा, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. स्क्रीनवर दिसतोही बरा. छापल्यावर मग रेषा कुठे जाड, कुठे बारीक, कुठे दुहेरी, आणि दोष जातो बिचाऱ्या प्रिंटरवाल्याला. सॉफ्टवेअरही नीट असतं आणि प्रिंटरही, फक्त दोन पॉलिगॉनमधली (जिल्ह्या-तालुक्यांच्या बंद आकृत्यांमधली) हद्द ही स्वतंत्र वस्तू आहे, तिला स्वतःची लेयर म्हणजे वेगळा थर लागतो, हे कुणी सांगितलेलं नसतं.

पॉलिगॉनच्या कडेलाच सीमा समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका संस्थेने तालुकावार भिंतीवरचा नकाशा ए-झीरो साइजमध्ये छापून घेतला होता, तालुक्यांच्या रेषा तुटक हव्या होत्या. छापून आला तर किनाऱ्यावर दापोली, गुहागरला डॅश अगदी स्वच्छ, आणि आत दापोली-खेड हद्दीवर नुसती सलग काळी दोरी. त्यांनी डीपीआय वाढवला, पीडीएफऐवजी इमेज काढली, प्लॉटर बदलला, परत छापलं, परत तेच. मला फाइल पाठवली तेव्हा त्यांचा फ्लेक्स आणि कागदाचा सगळा खर्च होऊन गेला होता.

कारण साधं आहे. दापोलीचा पॉलिगॉन स्वतःची कड काढतो, खेडचाही स्वतःची काढतो, म्हणजे मधली हद्द दोनदा काढली जाते. दोघांची सुरुवात वेगळ्या बिंदूपासून आणि त्या हद्दीवर दोघं उलट दिशेने जातात, त्यामुळे एकाचे डॅश दुसऱ्याच्या मोकळ्या जागेत जाऊन बसतात. समुद्राकडे शेजारी कुणी नाही म्हणून तिथे रेषा एकदाच निघते आणि चांगली दिसते. ट्रान्सपरन्सी दिली की हीच दुहेरी रेषा जास्त गडद होते, आणि जिल्ह्यागणिक कडेचा रंग वेगळा ठेवला तर नंतर काढलेला पॉलिगॉन आधीच्याची अर्धी रेषा खाऊन टाकतो.

मी काय करते, तर तालुक्यांची फाइल मॅपशेपर या नकाशाच्या फाइली सुधारायच्या टूलमध्ये टाकते (झिप करून, नुसती एसएचपी नाही), त्याचा कन्सोल (कमांड लिहायची खिडकी) उघडून लाइन्स कमांड देते आणि तिच्यापुढे जिल्ह्याच्या कॉलमचं नाव. प्रत्येक हद्द एकदाच येते, आणि टाइप नावाच्या कॉलममध्ये बाहेरची, जिल्ह्याची आणि आतली तालुक्याची अशी वर्गवारी तयार मिळते. मूळ फाइलमध्ये फटी असतील तर आधी क्लीन ही कमांड, नाहीतर लाइन्स त्या फटींनाच बाहेरची सीमा समजते. बाहेरच्या रेषेत किनारा आणि राज्याची सीमा एकत्र येतात, तेव्हा किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना, तळकोकणात आणि तलासरीला, ती तोडायची आणि किनारा वेगळा करायचा. हे काम हातानेच करते. किनाऱ्याला राज्यसीमेची जाड डॅश-डॉट रेषा दिलेले नकाशे बघवत नाहीत.

मग क्यूजीआयएसमध्ये कॅटेगराइज्ड स्टाइल (प्रत्येक वर्गाला वेगळी रेषा), आणि सिम्बॉल लेव्हल्स (कुठली रेषा वर, कुठली खाली हे ठरवणारी सोय) चालू करायला विसरायचं नाही, नाहीतर तालुक्याची रेषा जिल्ह्याच्या रेषेवर चढून बसते. पॉलिगॉनची लेयर फक्त रंगासाठी ठेवायची, स्ट्रोक ‘नो पेन’. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण नवीन मुलांना तेवढाही धीर नसतो, त्यांना प्लगइन हवं असतं.

नदी दिसली की तीच सीमा धरणं

गोव्याची उत्तर हद्द काढताना हे हमखास होतं. सॅटेलाइट इमेज लावतात, तेरेखोल नदी छान दिसते, मग तिच्या मधोमध क्लिक क्लिक करत जातात. आणि तेरेखोल किल्ला महाराष्ट्रात! किल्ला आणि तेरेखोल गाव नदीच्या उत्तर काठावर आहेत, पण पेडणे तालुक्यात, म्हणजे गोव्यात. सीमा तिथे नदी सोडून वर जाते. इमेजवर प्रशासकीय सीमा दिसत नाही, ती गावनिहाय नकाशातूनच घ्यावी लागते.

याचीच बहीण म्हणजे पॉलिगॉनमधली भोकं बुजवणारं ‘डिलीट होल्स’ लावून फाइल ‘साफ’ करणं. दादरा नगर हवेलीत नगर हवेलीच्या मधोमध गुजरातचं मघवाळ आहे. ते भोक चूक वाटून बुजवलं की एक अख्खं गाव परराज्यात गेलं.

जुनी फाइल

2011 च्या जनगणनेच्या फाइलमध्ये महाराष्ट्राचे 35 जिल्हे आहेत, कारण पालघर 1 ऑगस्ट 2014 ला झाला. ठाणे गुजरातला टेकलेला दिसला की फाइल बदला. नुसती हाताने रेघ मारू नका, वसई, वाडा, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी आणि पालघर हे आठ तालुके निवडून डिझॉल्व्ह करा, म्हणजे जोडून एकच पॉलिगॉन करा.

बाकीच्या, थोडक्यात

रेषेची जाडी मिलिमीटरमध्ये ठेवा. मॅप युनिट (नकाशाचं स्वतःचं एकक) निवडून फाइल अंशांमध्ये असेल तर 0.26 म्हणजे जवळजवळ 29 किलोमीटर जाड रेषा.

क्यूजीआयएसचं साधं सिम्प्लिफाय (रेषेतले बिंदू कमी करणारं टूल) प्रत्येक पॉलिगॉन सुटा सुटा सोपा करतं, त्यामुळे हद्दींवर फटी पडतात. मॅपशेपरमध्ये करा, तिथे सामाईक कड सामाईकच राहते.

झूम आउट केल्यावर बारीक पांढऱ्या फटी दिसल्या तर आधी लेयरच्या रेंडरिंगमधलं सिम्प्लिफाय बंद करून बघा, डेटाला हात लावू नका.

कोकणच्या खाड्यांवर मायटर जॉइन (रेषेच्या वळणाला टोकदार कोपरा) दिला की काटे फुटतात. राउंड द्या.

सीआरएस (फाइलमधले आकडे पृथ्वीवर कुठे बसतात ते सांगणारी पद्धत) जुळत नाही म्हणून लेयरच्या प्रॉपर्टीत दुसरा सीआरएस निवडणं हा शॉर्टकट नाही, ते खोटं लेबल चिकटवणं आहे. रीप्रोजेक्ट करा, म्हणजे आकडेच नव्या सीआरएसमध्ये बदलून घ्या. आणि 78 अंश रेखांशाच्या पूर्वेला यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या सीआरएसचा) झोन 44 लागतो, नागपूरचं काम पुण्याच्या 43 मध्ये करू नका.

देशाची सीमा

इथे मात्र हयगय नाही. नॅचरल अर्थ या जगाच्या नकाशाच्या मोफत डेटाची नेहमीची फाइल प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे सीमा दाखवते, जम्मू-काश्मीर आणि लडाख त्यात तुटलेले दिसतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं 1961 च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नॅचरल अर्थकडे भारताच्या भूमिकेप्रमाणे वेगळी फाइल आहे, जगाच्या नकाशासाठी ती वापरते. भारताच्या नकाशाला मात्र सर्व्हे ऑफ इंडियाचीच सीमा घेते, आणि छपाईला देण्याआधी त्यांच्या छापील नकाशाशेजारी ठेवून लडाखचा वरचा कोपरा, अरुणाचल आणि अंदमान-निकोबार बघते. ही बेटं तर लोक लेआउटच्या फ्रेमबाहेरच ठेवून मोकळे होतात.