अफगाण युद्धांचा अभ्यास: बाजू लिहिण्याआधी तारीख लिहा

अफगाणिस्तान हा विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी १९७९ ते २०२१ हे एकच लांबलचक युद्ध समजून वाचायला बसतात आणि तिथेच घसरतात. डिसेंबर १९७९ पासून मोजलं तरी ही निदान पाच युद्धं आहेत. १५ फेब्रुवारी १९८९ पर्यंत एका बाजूला सोव्हिएत फौज आणि काबूलचं कम्युनिस्ट सरकार, दुसऱ्या बाजूला मुजाहिदीन, म्हणजे इस्लामी बंडखोर गट. पुढे एप्रिल १९९२ पर्यंत तेच सरकार सोव्हिएत फौजेविना लढलं. १९९२ ते १९९६ मुजाहिदीन आपसातच भिडले. २७ सप्टेंबर १९९६ ला काबूल तालिबानच्या हाती गेलं, तिथून २००१ पर्यंत तालिबान विरुद्ध उत्तरेची आघाडी, म्हणजे तालिबानविरोधी गटांची युती. आणि ७ ऑक्टोबर २००१ पासून ऑगस्ट २०२१ पर्यंत अमेरिकेचं युद्ध.

वहीत या पाचांसाठी पाच कोरी पानं सोडा. ‘मुजाहिदीन म्हणजेच तालिबान’ हे वाक्य मग हातून लिहिलंच जात नाही. तालिबान १९९४ मध्ये कंदाहार भागात उभी राहिली, सोव्हिएत फौज गेल्यावर पाच वर्षांनी. तिच्यातले बरेच जण आधी मुजाहिदीन होते हे खरं, पण अहमदशहा मसूदसारखे तालिबानशी लढणारेही मुजाहिदीनच होते.

प्रत्येक माणसासाठी एक कार्ड करा आणि एकच नियम पाळा: तारखेशिवाय कोणाचीही बाजू लिहायची नाही. अब्दुल रशीद दोस्तुम हा याचा उत्तम नमुना. १९९२ च्या सुरुवातीपर्यंत हा उझबेक सेनानी कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्ष नजीबुल्लाच्या सरकारचा आधार होता. मग तो उलटला, मसूदच्या बाजूला गेला आणि सरकार कोसळलं. जानेवारी १९९४ मध्ये त्याने हेकमतयार या मुजाहिदीन नेत्याशी हातमिळवणी करून काबूलवर हल्ला केला. १९९६ मध्ये तालिबान काबूलमध्ये आल्यावर पुन्हा मसूदबरोबर. १९९७ मध्ये त्याच्याच हाताखालच्या अब्दुल मलिकने दगा दिला आणि त्याला देश सोडावा लागला. २००१ मध्ये अमेरिकी फौजेबरोबर, २०१४ मध्ये थेट उपराष्ट्राध्यक्ष. आता ‘दोस्तुम कोणाचा?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन दाखवा.

तारखांचं गणित पहिल्या आठवड्यातच पक्कं करून घ्या. अफगाण सौर हिजरी वर्ष नवरोजला, म्हणजे २१ मार्चच्या आसपास सुरू होतं. अफगाण सालात ६२१ मिळवले की इसवी सन येतो, १ जानेवारी ते नवरोज या काळासाठी मात्र ६२२. महिन्यांची नावं आपल्याला घरचीच वाटावीत अशी आहेत, कारण त्या बारा राशी आहेत: हमल म्हणजे मेष, सौर म्हणजे वृषभ, असद म्हणजे सिंह, अकरब म्हणजे वृश्चिक, जदी म्हणजे मकर, दल्व म्हणजे कुंभ. १९७८ च्या कम्युनिस्ट उठावाला ‘सौर क्रांती’ म्हणतात, त्याचा सूर्याशी काही संबंध नाही. ती ७ सौर १३५७ ला, म्हणजे २७ एप्रिल १९७८ ला झाली, म्हणून ते नाव. मराठी लेखनात ही चूक हमखास सापडते. आणखी एक खड्डा आपल्या पंचांगाचा. आपली मकर संक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते, पण अफगाण जदी २२ डिसेंबरच्या आसपास सुरू होतो. म्हणून ६ जदी १३५८ म्हणजे २७ डिसेंबर १९७९, तेव्हाचा कम्युनिस्ट राष्ट्रप्रमुख हफीजुल्ला अमीन मारला गेला तो दिवस. तालिबानच्या निवेदनांवर चांद्र हिजरी तारीखही असते. ऑगस्ट २०२१ मध्ये सौर साल १४०० होतं आणि चांद्र १४४३. कागदावर आकडा दिसला की आधी कोणती हिजरी ते बघा, मग बेरीज करा.

नावांचं प्रकरण तारखांपेक्षा अवघड. मुल्ला, मौलवी, हाजी, पीर, उस्ताद, इंजिनियर या पदव्या आहेत, नावं नाहीत. मुजाहिदीन नेते रब्बानी आणि सय्याफ काबूल विद्यापीठात शिकवत होते म्हणून ‘उस्ताद’, हेकमतयार अभियांत्रिकीचा विद्यार्थी म्हणून ‘इंजिनियर’. ‘अखुंदजादा’ म्हणजे अखुंदाचा, म्हणजे धर्मशिक्षकाचा वंशज, त्यावरून दोघांचं नातं ठरत नाही. ‘हक्कानी’चं तर विचारूच नका. पाकिस्तानात अकोडा खटक इथे दारुल उलूम हक्कानिया हा मदरसा आहे, तिथून शिकून बाहेर पडलेले अनेक जण नावापुढे हक्कानी लावतात. हक्कानी नावाच्या सशस्त्र गटाचा संस्थापक जलालुद्दीन हक्कानी तिथलाच आणि सिराजुद्दीन त्याचा मुलगा. पण बातमीतला प्रत्येक हक्कानी त्या घराण्यातला किंवा त्या गटातला नसतो. मराठी वाचकाची एक जास्तीची अडचण म्हणजे अहमदशहा म्हटलं की पानिपत आणि अब्दाली. तो दुर्रानी पश्तून, त्याची कबर कंदाहारला. मसूद पंजशीरचा ताजिक. दोघांमध्ये समान आहे ते फक्त नाव.

कोणीतरी नेमका कोण हे ठरवायला वर्तमानपत्रांपेक्षा संयुक्त राष्ट्रांची निर्बंध यादी जास्त उपयोगी पडते. १९९९ च्या ठराव १२६७ खाली ती सुरू झाली आणि २०११ मध्ये तालिबानसाठी ठराव १९८८ खाली वेगळी काढली गेली. प्रत्येक नोंदीत मूळ लिपीतलं नाव, पदवी, जन्माचं अंदाजे साल, गाव, आधीचं पद आणि टोपणनावं मिळतात. टोपणनावांचीही खात्रीची आणि कच्ची अशी विभागणी असते. आपल्या टिपणात कच्च्या टोपणनावावरून दोन माणसं जोडू नका. इंटरनेटवर शोधताना रोमन लिपीत मसूदची चार-पाच स्पेलिंगं भेटतात. मीम, सीन, ऐन, वाव, दाल ही पाच अक्षरं ओळखता आली की फारसी मजकुरातही तो सापडतो. लिपी वाचण्यापुरती शिकायला रोज तासभर दिला तर तीन-चार आठवडे पुरतात, आणि फौज, शहर, जमीन, दरवाजा, हजार हे शब्द मराठी माणसाला आधीच येत असतात.

पेशावरमध्ये तळ असलेले सात सुन्नी मुजाहिदीन पक्ष पाठ करा, पर्याय नाही. त्यात हिज्ब-ए-इस्लामी दोन आहेत, एक गुलबुद्दीन हेकमतयारची, दुसरी युनुस खालिसची. नुसतं ‘हिज्ब’ लिहिलं की वाचणारा अडकतो. रब्बानीची जमियत-ए-इस्लामी वेगळी, पाकिस्तानातली जमियत उलेमा-ए-इस्लाम वेगळी आणि जमात-ए-इस्लामी आणखी वेगळी. या जमातचे संस्थापक मौलाना मौदूदी यांचा जन्म १९०३ चा, तेव्हाच्या औरंगाबादचा. ‘जमियत’ आणि ‘जमात’ यांतला फरक मुद्रितशोधनात सर्रास मारला जातो, तेवढं बघा.

नकाशावर एकच रस्ता लाल पेन्सिलीने काढा: काबूल, चारिकार, सालंग बोगदा, पुल-ए-खुमरी आणि सोव्हिएत सीमेवरचं हैरतान. सोव्हिएत फौजेची मुख्य रसद इथून येई. मसूदच्या पंजशीर खोऱ्याचं तोंड याच रस्त्याजवळ उघडतं. एका अरुंद खोऱ्यावर पुन्हा पुन्हा मोहिमा का निघाल्या, ते नकाशावर बोट ठेवलं की कळतं.

कारणं लिहिताना तारखेची कसोटी लावा. ‘स्टिंगर क्षेपणास्त्रांमुळे सोव्हिएत फौज परत गेली’ हे वाक्य सगळीकडे आहे. स्टिंगर, म्हणजे खांद्यावरून डागायचं विमानविरोधी क्षेपणास्त्र, तिथे पहिल्यांदा वापरलं गेलं सप्टेंबर १९८६ मध्ये, जलालाबादजवळ. सोव्हिएत नेता गोर्बाचेव्हने अफगाणिस्तानला ‘भळभळती जखम’ म्हटलं ते त्याच वर्षी फेब्रुवारीत, पक्षाच्या अधिवेशनात. स्टिंगरचा परिणाम झाला का, यावर वाद घालता येतो. माघारीचा विचारच त्यातून जन्मला, असं म्हणता येत नाही. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रेगनच्या तोंडी मुजाहिदीनबद्दल म्हणून घातलेलं ‘हे आमच्या राष्ट्रसंस्थापकांसारखे’ हे वाक्यही तपासा. ते १९८५ मध्ये निकाराग्वाच्या कॉन्ट्रा बंडखोरांबद्दल होतं. मुजाहिदीन पाहुण्यांबरोबरचा १९८३ चा फोटो त्याला चिकटवून फिरवतात.

नायकांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. मसूदने १९८३ मध्ये सोव्हिएतांशी शस्त्रसंधी केली होती, आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये काबूलच्या अफशार भागात त्याच्या आणि सय्याफच्या फौजांच्या कारवाईत हजारा या अल्पसंख्य समाजाचे नागरिक मारले गेले. पंजशीरमधली आठवण आणि हजारा वस्तीतली आठवण एकाच कार्डावर, शेजारी शेजारी लिहा. मृतांचे आकडे लिहिताना कोणी आणि कसे मोजले ते सोबत हवंच. नागरिकांच्या मृत्यूची संयुक्त राष्ट्रांची पद्धतशीर नोंद २००९ पासूनची आहे, त्याआधीचे आकडे बहुतेक अंदाज. अल कायदा आणि आयसिसवर भारतात बंदी आहे, त्यांचे प्रचाराचे व्हिडिओ उतरवून साठवू किंवा पाठवू नका. संशोधनाला अगदी हवेच असतील तर आधी मार्गदर्शकाची लेखी परवानगी आणि संस्थेचा सल्ला घ्या.

पहिलं कार्ड नजीबुल्लाचं करा, त्याच्या तारखा स्वच्छ आहेत. मे १९८६ मध्ये पक्षाचा सरचिटणीस, १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष, एप्रिल १९९२ मध्ये पायउतार आणि काबूलमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या आवारात आश्रय, २७ सप्टेंबर १९९६ ला तालिबानकडून हत्या. कुठे १९८६ पासून राष्ट्राध्यक्ष असं लिहिलेलं दिसेल, कुठे १९८७ पासून. पक्षाचं पद आणि देशाचं पद दोन ओळींत वेगळं लिहा.