राउटर बदलला आणि नेट बंद? मॅक आणि आयपी असे तपासा

लॅमिंग्टन रोडवरून नवा राउटर आणला, जुन्याची वायर काढून त्यात लावली, दिवेही लागले. नेट मात्र येईना. मागच्या पावसाळ्यात आमच्या परळच्या घरी हेच झालं. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "नवा मॅक पाठवा." राउटरमध्ये दोष नव्हता, पलीकडे त्याची ओळखच पटत नव्हती.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. मॅक हा हार्डवेअरचा, कारखान्यातच भरलेला. ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं, दोन-दोनच्या सहा जोड्या. पहिल्या तीन जोड्यांवरून साधारणपणे उत्पादक कंपनी कळते. आयपी हा सॉफ्टवेअरचा, १९२.१६८.१.५ अशा धाटणीचा. तो नेटवर्क देतं आणि नेटवर्क बदललं की तोही बदलतो.

दोन कशाला? आपला डबेवाला आठवा. डब्याच्या झाकणावरची खूण अंधेरीपासून चर्चगेटच्या ऑफिसापर्यंत तीच राहते, डबा मात्र वाटेत हात बदलत जातो. पोचायचं कुठे ते आयपी सांगतो. पुढच्या टप्प्यावर कोणाच्या हातात द्यायचं ते मॅक. म्हणूनच लॅपटॉपचा मॅक राउटरपाशीच थांबतो आणि केबलवाल्याला फक्त राउटरचा दिसतो.

आता राउटर उलटा करून स्टिकर पाहा. दोन मॅक छापलेले असतील तर केबलवाल्याला वॅनचा (बाहेरच्या, त्याच्या बाजूचा) हवा, लॅनचा (घरातल्या बाजूचा) नाही. दोघांत बहुधा शेवटच्या चिन्हाचाच फरक असतो, त्यामुळे नीट बघा. फोनवर 'बी' आणि 'डी' सारखेच ऐकू येतात; सरळ फोटो पाठवा.

रविवार आहे, कोणी फोन उचलत नाही? स्टिकरवरचा राउटरचा पत्ता (बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाका. वॅन किंवा इंटरनेटच्या सेटिंगमध्ये 'मॅक क्लोन' असेल, तिथे जुन्या राउटरचा वॅन मॅक भरा. कनेक्शनला युजरनेम-पासवर्ड लागत असेल तर तोही. मात्र जुना राउटर मग त्याच नेटवर्कवर लावू नका. एकाच मॅकची दोन यंत्रं एकमेकांचा माल पळवतात.

तरीही नेट नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग लिहा, स्पेस द्या, मग स्लॅश आणि ऑल. सगळं इंग्रजी अक्षरांत. 'फिजिकल ॲड्रेस' म्हणजे मॅक. 'आयपीव्ही४'समोरचा आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरनं लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही, तेव्हा केबलवाल्याला बोल लावू नका. वायर, वायफाय आणि राउटर पुन्हा तपासा. १९२.१६८ वगैरे दिसतोय आणि तरी नेट नाही, तर अडचण बहुधा राउटरच्या पलीकडे आहे.

फोनच्या बाबतीत एक जपा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक दाखवतात. स्टेशनवरच्या किंवा मॉलमधल्या वायफायवर हे फार चांगलं आहे, तिथे ते बंद करू नका. घरच्या राउटरवर एखाद्या यंत्रासाठी कायमचा आयपी राखून ठेवायचा असेल तर तेवढ्याच वायफायपुरता खरा मॅक निवडा.

प्रिंटर नेटवर्कवरून सारखा गायब होत असेल तर हेच करा: राउटरच्या 'डीएचसीपी रिझर्व्हेशन'मध्ये त्याचा मॅक आणि एक आयपी जोडून ठेवा, मग प्रिंटर बंद करून सुरू करा.