राखमानिनोव्ह यांचे संगीत कोणत्या क्रमाने ऐकावे

रशियन संगीतकार आणि पियानोवादक सर्गेई राखमानिनोव्ह (1873–1943) यांची ओळख बहुतेकांना दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोमधून (एकल पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेतून) होते आणि अनेकदा तिथेच थांबते. माझा आग्रह असा की, सुरुवात त्यांच्या पहिल्या सिंफनीपासून, म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेपासून, करावी. तिच्या आरंभीच एक छोटा, झटकन वळसा घेणारा स्वरसमूह येतो आणि त्यामागून तंतुवाद्यांवर, रशियन चर्चमधील जुन्या प्रार्थनागीतांच्या वळणाची एक जड, करारी स्वरावली येते. ही स्वरावली गुणगुणता येईल इतकी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचीच गरज पडणार आहे.

मार्च 1897 मध्ये सेंट पीटर्सबर्गला संगीतकार ग्लाझुनोव्ह यांच्या संचालनाखाली ही सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हा राखमानिनोव्ह तेवीस वर्षांचे होते. तालमी अपुऱ्या पडल्या होत्या, वादन विस्कळीत झाले आणि संगीतकार व समीक्षक सेझार क्युई यांनी आपल्या समीक्षेत तिची निर्दयपणे टर उडवली. या आघातानंतर सुमारे तीन वर्षे त्यांच्या हातून महत्त्वाचे असे काहीच लिहून झाले नाही. 1900 साली डॉक्टर निकोलाय दाल यांच्याकडे त्यांनी मानसोपचार घेतले आणि त्यानंतर पूर्ण झालेला दुसरा कॉन्चेर्टो त्यांनी दाल यांनाच अर्पण केला.

हा कॉन्चेर्टो ऐकताना आरंभीच्या स्वरमेळांवर विशेष लक्ष द्यावे: एकटा पियानो अगदी हळू आवाजात सुरू होऊन घंटानादासारखा वाढत जातो, आणि मुख्य धून मात्र वाद्यवृंदाकडे सोपवून स्वतः तिच्याभोवती साथ करत राहतो. एकल वादकाने मुख्य धुनेसाठी अशी मागची जागा घ्यावी, यात मला या रचनेची खरी श्रीमंती दिसते.

यानंतर 1915 सालची ‘रात्रभराची प्रार्थना’ ऐकावी. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेत वाद्ये नसल्यामुळे पंधरा भागांची ही संपूर्ण रचना केवळ मानवी आवाजांसाठी आहे, आणि तिच्यातील बऱ्याच भागांना पारंपरिक प्रार्थनागीतांचाच आधार आहे. ती शांतपणे, एका बैठकीत ऐकावी. पाचव्या भागाच्या शेवटी खर्जातील गायक पायरीपायरीने अविश्वसनीय खोलीपर्यंत उतरतात, आणि नववा भाग पुढील ऐकण्यासाठी स्मरणात ठेवावा. त्यांच्या पियानोच्या लांबलचक, जवळजवळच्या स्वरांवरून सरकणाऱ्या धुनांचे मूळ कुठे आहे, ते ही रचना ऐकल्यावर आपोआप कळू लागते.

डिसेंबर 1917 मध्ये त्यांनी रशिया सोडला. उपजीविकेसाठी सतत मैफली कराव्या लागल्याने उरलेल्या पंचवीस वर्षांत ओपस क्रमांक (संगीतकाराच्या रचनांना दिला जाणारा अनुक्रमांक) असलेल्या अवघ्या सहा नव्या रचना झाल्या. त्यांपैकी व्हायोलिनवादक पागानिनींच्या धुनेवरील ऱ्हाप्सडी (मुक्त बांधणीची रचना) सर्वांत लोकप्रिय आहे. पण या क्रमाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती 1940 सालची ‘सिंफनिक नृत्ये’. पहिल्या नृत्यात सॅक्सोफोनवरील दीर्घ धून येऊन गेल्यावर, अखेरीस पहिल्या सिंफनीतील तीच स्वरावली परत येते, मात्र आता तिच्यातला कठोरपणा पूर्ण विरघळलेला असतो. त्या वेळी श्रोत्यांपैकी जवळजवळ कोणालाही ती ओळखता येणे शक्य नव्हते, कारण सिंफनी 1897 नंतर वाजवलीच गेली नव्हती. लेनिनग्राडमध्ये (म्हणजे पूर्वीच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये) तिची सुटी वाद्यपत्रे, म्हणजे प्रत्येक वाद्यासाठीची वेगळी स्वरलिपी, सापडून ती पुन्हा सादर झाली 1945 साली, संगीतकाराच्या निधनानंतर. तिसऱ्या नृत्यात मृत्यूची आठवण देणारी ‘दिएस इरे’ ही मध्ययुगीन लॅटिन धून आणि ‘रात्रभराची प्रार्थना’मधील नववा भाग समोरासमोर येतात आणि प्रार्थनेचा विजय होतो.

कॉन्चेर्टोसाठी ध्वनिमुद्रण निवडताना, स्वतः राखमानिनोव्ह यांनी 1929 मध्ये फिलाडेल्फिया वाद्यवृंदासह केलेले ध्वनिमुद्रण आधी ऐकावे. आवाज जुना असला तरी लय वाहती आहे, भावनेचा अतिरेक कुठेही नाही, आणि नंतरच्या वादकांनी कुठे रेंगाळणे पसंत केले, हे त्याच्याशी ताडून पाहिल्यावर स्पष्ट ऐकू येते.