कांजी येते म्हणून चायनीज लिहिता येईल असं नाही

पुण्यात जपानी करून मग चायनीजकडे वळणारे बरेच भेटतात आणि सगळ्यांना वाटतं कांजी (जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं) येते म्हणजे अर्धं काम झालं. अर्थ ओळखण्यापुरतं झालं, मान्य. लिहायचं मात्र नाही.

रेघा वरून खाली, डावीकडून उजवीकडे, चौकटीची तळरेघ शेवटी, हे तुम्हाला येतंच, ते सोडा. गोची तिथे आहे जिथे अक्षर दिसायला सेम पण रेघांचा क्रम वेगळा. 'राजा' घ्या, तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी. जपानीत वरची आडवी, मग उभी, मग उरलेल्या दोन आडव्या. चीनमध्ये वरच्या दोन आडव्या, मग उभी, मग तळाची. 'शेत', म्हणजे चौकटीत अधिकचं चिन्ह, त्यात जपानी लोक आतली उभी आधी काढतात, चिनी आडवी. 'उजवा'मध्ये जपानीत तिरकी आधी, चीनमध्ये आडवी. आणि हा राजा नि हे शेत आणखी ढीगभर अक्षरांच्या पोटात बसलेत, म्हणजे गडबड एकावर थांबतच नाही. वहीत काही कळत नाही, सर बरोबरची खूण करून मोकळे, मीही महिनोन्महिने तसंच गिरवत होते. मग फोनवर स्ट्रोक कीबोर्ड घेतला (पाच बटणं: आडवी, उभी, तिरकी, ठिपका, वळण, क्रमानेच दाबायची) तर राजा काही येईचना, भलतीच अक्षरं!

म्हणून शिक्षक वही तपासतो की लिहिताना हात बघतो ते आधी बघा, नुसती वही तपासणाऱ्याला फी देऊ नका. पुसट अक्षरावरून बोट फिरवायला लावणारी अॅप्स तर मला फसवणूकच वाटतात, हिंट बंद करा. आणि कांजीचे व्हिडिओ बघून चायनीज गिरवू नका, प्लीज.

चीनचा २०२० चा सरकारी क्रम ८१०५ अक्षरांचा आहे, तैवानचं १९९६ चं पुस्तक वेगळं, काही ठिकाणी फरक आहे. कुठलातरी एकच धरा.

टेन्शन नको पण. एचएसके, म्हणजे चायनीजची परीक्षा, कॉम्प्युटरवर दिलीत तर सगळं टाइपच करायचंय, क्रमाला मार्क नाहीत. जपानी क्रम विसरायचीही गरज नाही, दोन्ही राहतात डोक्यात. गणिताची चौकोनी वही घ्या, आधी 'राजा' आणि 'शेत' असलेलीच अक्षरं काढा आणि रेघेचं नाव मोठ्याने म्हणत लिहा, हंग, हंग, शू, हंग (हंग म्हणजे आडवी, शू म्हणजे उभी). घरचे हसतील, हसू देत.