कुळाचा शोध आणि डीएनए चाचणी : या चुका टाळा

माझी आत्या गेली तेव्हा ९२ वर्षांची होती. त्याआधी दोन वर्षं माझा स्वतःचा डीएनए अहवाल फोनमध्ये होता. तिचीही चाचणी करून घ्यावी असं अनेकदा मनात आलं, पण ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत मी ते पुढे ढकलत राहिलो. पुण्यात कुळाचा शोध घेणाऱ्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून ज्या चुका ऐकतो, त्यांत ही सगळ्यांत मोठी. बाकीच्या निस्तरता येतात, ही येत नाही.

यामागे हिशेब आहे. माझ्या पणजोबांचा डीएनए माझ्यात सरासरी साडेबारा टक्के आला. तेच पणजोबा आत्याचे आजोबा, म्हणून तिच्यात तो पंचवीस टक्क्यांच्या आसपास होता. एक पिढी वर गेलं की माहिती दुप्पट होते. उलट बाजूला ती झपाट्याने विरते. ज्यांचे खापरपणजोबा एक आहेत अशा भावंडांच्या साधारण दहातल्या एका जोडीत चाचणीला काहीच सामाईक सापडत नाही. आणखी एक पिढी मागे गेलात तर जवळपास निम्म्या जोड्या जुळतच नाहीत. म्हणून ‘जुळलं नाही, म्हणजे नातं खोटं’ असा निष्कर्ष काढू नका. घरात एकच किट आणायचं असेल तर ते हौशी नातवासाठी आणू नका, सर्वांत वयस्कर माणसासाठी आणा.

नळीपाशी होणारी गडबड

वयस्कर माणसांचा नमुना बाद होण्याचं कारण बहुतेकदा साधं असतं. थुंकी देण्याआधी किमान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखू नाही, हे किटच्या कागदावर लिहिलेलं असतं; पण पहाटे उठल्याबरोबर मिश्री लावणाऱ्या आजीला ते कुणी वाचून दाखवत नाही. माझ्या एका मावशीचा पहिला नमुना असाच वाया गेला. दुसऱ्या वेळी मी सकाळी लवकर तिच्याकडे गेलो, तोंड स्वच्छ धुवायला लावलं, अर्धा तास गप्पा मारल्या आणि मग नळी हातात दिली. तोंड कोरडं पडलं होतं, म्हणून तिने बाहेरून गाल हलके चोळले. फेस धरायचा नाही, रेषेपर्यंत पातळ थुंकी यायला हवी. ती भरायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढ्यात तिने तिच्या आजीचं माहेर सांगितलं, जे कुठल्याच कागदावर नव्हतं.

एकाच दिवशी दोघांचे नमुने घेत असाल तर नळीवरचा क्रमांक आणि नाव आधी वहीत लिहा. काका-काकूंच्या नळ्यांची अदलाबदल झाली की पुढचं सगळं उलटंपालटं होतं. ज्यांचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं आहे त्यांचा नमुना घेऊ नका, त्यात दात्याचा डीएनए येतो. आणि परदेशातल्या काही कंपन्या भारतातून नमुने घेत नाहीत. भाच्याच्या बॅगेतून नळी पाठवण्याआधी कंपनीचा नियम विचारून घ्या.

आकडा मोठा, नातं लांबचं

दोन माणसांत किती डीएनए सामाईक आहे ते सेंटीमॉर्गनमध्ये मोजतात. पालक-मुलांत ३,४०० च्या पुढे, सख्ख्या चुलत-आते-मामे-मावस भावंडांत सरासरी ८६६ च्या आसपास, पणजोबा एक असतील तर सरासरी २२९. हे कोष्टक मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांच्या आकडेवारीवर उभं आहे. आपल्याकडे ते जसंच्या तसं लावलं की फसगत होते.

ज्यांच्याशी आपला डीएनए जुळतो त्यांची यादी कंपनी संकेतस्थळावर देते. माझ्या यादीत ११८ सेंटीमॉर्गनची एक जुळणी आली. संकेतस्थळ म्हणालं, पणजोबा किंवा खापरपणजोबा एक असावेत. समोरच्या बाई अमेरिकेत, मूळ सांगलीकडच्या. दोन महिने आम्ही दोघं एकमेकांच्या वंशावळी ताणत बसलो. शेवटी मी तपशील उघडला. ते ११८ डीएनएच्या अकरा सलग तुकड्यांत विखुरलेले होते आणि सर्वांत लांब तुकडा जेमतेम १६ चा. अलीकडच्या नात्यात तुकडे मोजके आणि लांब असतात. असे बारीक तुकडे अनेक जुन्या वाटांनी जमा होतात.

त्याचं कारण आपल्या लग्नांत आहे. हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्र संशोधन संस्था आणि हार्वर्ड यांच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की भारतात साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी वेगवेगळे समूह मोठ्या प्रमाणावर मिसळले आणि त्यानंतर लग्नं आपापल्या समूहातच होत गेली. शेकडो वर्षं ठरावीक घरांत सोयरीक झाली की त्या समाजातले कुणीही दोघं थोडेफार जुळतातच. त्यात अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत. तिथे एकच आजोबा-आजी वंशावळीत दोन जागी येतात आणि आकडा फुगतो.

म्हणून बेरीज बघू नका, सर्वांत लांब तुकडा बघा. तो तीस सेंटीमॉर्गनच्या वर असेल तर आधी त्या माणसाला संदेश पाठवा. काका आणि मामा या दोघांच्याही चाचण्या झाल्या असतील तर जुळणी कुठल्या बाजूची ते कळतं. दोघांशीही जुळत असेल तर बहुधा ही जुनी सोयरीक आहे, घाई करू नका. आणि अहवालातल्या ‘फर्स्ट कझिन’वर विसंबू नका. तेवढाच डीएनए आजोबांच्या सख्ख्या भावाशीही जुळू शकतो. वय विचारलं की निम्मा गुंता सुटतो.

आडनावाच्या मागे धावणं

वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी केली की लोक यादीत आपलं आडनाव शोधतात. पण कुलकर्णी, पाटील, देशपांडे, देशमुख ही वतनाची नावं. एकाच गावात दोन असंबंधित घरं ती लावू शकतात. उलट एकाच मूळपुरुषाची एक शाखा वतनामुळे कुलकर्णी झाली आणि दुसरी गाव सोडून ‘-कर’ झाली, हेही नेहमीचं. दत्तक विसरू नका. दुसऱ्या बाजीरावाने नानासाहेबाला दत्तक घेतलं होतं. वंश पुढे चालवायला दत्तक घेणारी घरं साध्या कुटुंबांतही कितीतरी होती. वाय जुळलं नाही म्हणून कुणावर संशय घेण्याआधी दत्तकपत्र शोधा.

आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएची अडचण निराळी. इथे दर पिढीला आडनाव बदलतं, बऱ्याच घरांत लग्नात नावही बदलायचे. माहेरचं नाव, आडनाव आणि गाव लिहिलेलं नसेल तर ही चाचणी हातात काही देत नाही.

टक्केवारीच्या रंगीत नकाशाबद्दल थोडक्यात. तो कंपनीकडच्या संदर्भ नमुन्यांवर अवलंबून असतो आणि ते नमुने वाढले की तुमचे टक्केही बदलतात. डेक्कन कॉलेजच्या पथकाने हरयाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी उत्खनन केलं आणि तिथल्या एका स्त्रीच्या सांगाड्याचा डीएनए २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ‘आम्ही हडप्पाचे की बाहेरचे’ हे अहवालात शोधणारे भेटतात. तो अभ्यास लोकसमूहांचा आहे, तुमच्या कुळाचा नाही. जातीचा दाखलाही या अहवालावर मिळत नाही, त्याला जुन्या नोंदीच लागतात.

घरातल्यांना न विचारणं

तुमच्या अहवालात तुमच्या भावंडांची, आईवडिलांचीही माहिती असते. वडील वेगळे असल्याचं किंवा दत्तक गेल्याचं कुणाला तरी पहिल्यांदा पडद्यावर कळू शकतं. नळी देण्याआधी हे स्पष्ट बोला, आणि नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नका. जुळणी झालेल्या अनोळखी माणसालाही पहिल्याच संदेशात ‘तुम्ही आमच्या काकांचे मुलगे दिसता’ असं लिहू नका. माहिती कुठे राहते तेही बघा : ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणीच्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या डीएनएच्या माहितीची कच्ची फाइल उतरवून स्वतःकडे ठेवा आणि नमुना नष्ट करण्याचा पर्याय शोधून ठेवा. वारसाहक्काचा दावा असेल तर घरच्या किटचा उपयोग नाही, कारण नमुना कुणाचा हे सिद्ध करता येत नाही.

कागद शेवटी ठेवणं

सांगलीकडच्या त्या बाईंचं कोडं अखेर कागदानेच सोडवलं. त्यांच्या घराचा छापील कुलवृत्तांत होता, आमच्याकडे मोडीतला एक फेरफार आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतली नोंद. तिन्ही शेजारी ठेवल्यावर दोन वेगवेगळ्या सोयरिकी दिसल्या, दोन्ही खापरपणजोबांच्याही आधीच्या. पुण्यात राहून या वाटेने न जाणं म्हणजे विहिरीकाठी तहानलेलं राहणं. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत. तहसील कार्यालयात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी मागा. मोडी येत नसेल तर शिका; काही महिन्यांत फेरफारावरचं नाव वाचता येतं. आत्याने सांगितलेली नावं मी तिच्याच शब्दांत एका वहीत उतरवून ठेवली होती. यादीत नवी जुळणी आली की आजही मी आधी ती वही उघडतो.