कोर्ट ‘त्यांचं’ आहे असं म्हणण्याआधी या चुका टाळा

लातूरची अभ्यासिका असो, अंबाजोगाईतला चहाचा गाडा असो की छत्रपती संभाजीनगरात खंडपीठाजवळचं झेरॉक्सचं दुकान, राज्यपालांच्या किंवा केंद्राच्या अधिकाराबद्दल निकाल लागला की एक वाक्य ठरलेलं: “आमच्या वेळेला कुठं गेलं होतं हे कोर्ट?” 2019 मध्ये ते एका बाजूच्या तोंडी होतं, 2022 मध्ये दुसऱ्या. आरोप दरवेळी खोटाच असतो असं अजिबात नाही. पण तो बहुधा भलत्याच ठिकाणी लावला जातो. मग समोरचा दोन मिनिटांत खोडून काढतो आणि खरंच विचारायला हवं होतं ते राहून जातं.

जिंकलं कोण, यावरून कोर्ट ओळखणं

ही सगळ्यात जुनी खोड. 23 नोव्हेंबर 2019 ला पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. सर्वोच्च न्यायालयाने रविवारी सुनावणी घेतली. 26 तारखेला आदेश आला: उद्या संध्याकाळी पाचपर्यंत सभागृहात बहुमत दाखवा, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण करा. फडणवीसांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसचे आघाडीवाले खूश.

मग 29 जून 2022. राज्यपालांनी बोलावलेल्या बहुमत चाचणीला स्थगिती द्यायला न्यायालयाने नकार दिला आणि रात्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला. (त्याच दिवशी मंत्रिमंडळाने औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराला मंजुरी दिली होती, म्हणून आपल्याकडे ती तारीख जरा जास्तच लक्षात आहे.) आता तेच आघाडीवाले म्हणाले, कोर्ट फिरलं.

खरं तर दोन्ही वेळी कोर्टाने सांगितलं एकच: डोकी सभागृहात मोजा. 1994 च्या बोम्मई निकालापासून (कर्नाटकचे बरखास्त झालेले मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांचा खटला) हाच नियम आहे. 2019 मध्ये डोकी एकीकडे होती, 2022 मध्ये दुसरीकडे गेली होती.

मग 2022 मध्ये तक्रारीला जागाच नव्हती? होती, पण ती दोन दिवस आधीच्या आदेशात. 27 जूनला शिवसेनेच्या बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिशीला उत्तर द्यायला 12 जुलैपर्यंत मुदत मिळाली. म्हणजे अपात्रता थांबली, बहुमत चाचणी थांबली नाही. ठाकरे गटाच्या माणसाने बोट ठेवायचं तर इथे ठेवावं. मात्र बंडखोरांच्या वकिलांचा मोठा आधार होता 2016 चा नबाम रेबिया निकाल: अध्यक्षांना हटवण्याचीच नोटीस आलेली असताना त्यांनी आमदारांना अपात्र ठरवू नये. त्या निकालाने अरुणाचलात काँग्रेसचं सरकार परत आलं होतं, तेव्हा काँग्रेसला तो फार आवडला होता. तीच काँग्रेस 2022 मध्ये त्याच निकालाच्या माऱ्यात सापडली.

अंतरिम आदेशालाच निकाल समजणं

29 जूनचा आदेश अंतरिम होता. घटनापीठाचा निकाल 11 मे 2023 ला आला आणि त्यात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरलं. सरकार बहुमत गमावून बसलं आहे असं म्हणायला त्यांच्याकडे ठोस आधार नव्हता, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच दिवशी, त्याच पाच न्यायमूर्तींनी दिल्लीतल्या अधिकाऱ्यांवरचा ताबा केंद्राऐवजी तिथल्या निवडून आलेल्या सरकारकडे दिला. केंद्राने आठवडाभरात अध्यादेश काढून तो ताबा पुन्हा स्वतःकडे घेतला ही गोष्ट वेगळी.

‘चूक ठरली’ म्हणजे ‘सरकार परत आलं’ असं धरून चालणं

इथे बहुतेक वाद घसरतात. उदाहरणं आपल्याच भागातल्या दोन माणसांशी जोडलेली आहेत.

नांदेडचे शंकरराव चव्हाण केंद्रात गृहमंत्री असताना, बाबरी पडल्यानंतर, 15 डिसेंबर 1992 ला मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातली भाजपची सरकारं बरखास्त झाली. बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ती बरखास्ती वैध ठरवली, कारण धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग. एवढं ऐकून कुणी म्हणेल, घ्या, काँग्रेसला झुकतं माप. पण त्याच निकालात कर्नाटक, मेघालय आणि नागालँडमधल्या राष्ट्रपती राजवटी अवैध ठरल्या, आणि त्या लावल्या तेव्हाही केंद्रात काँग्रेसचंच सरकार होतं. बोम्मईंना हाती काय मिळालं? सरकार गेलं एप्रिल 1989 मध्ये, निकाल लागला मार्च 1994 मध्ये. मधल्या काळात निवडणूक होऊन गेली. जिंकलेल्या माणसाला निकालाची प्रत मिळाली.

दुसरे लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. ते गृहमंत्री असताना मे 2005 मध्ये बिहारची विधानसभा एकदाही न बसता विसर्जित झाली. राष्ट्रपती कलाम मॉस्कोत होते, सही तिथे झाली. न्यायालयाने 3 विरुद्ध 2 मतांनी ते घटनाबाह्य ठरवलं, राज्यपाल बुटासिंग यांना पायउतार व्हावं लागलं, पण विधानसभा काही जिवंत झाली नाही, कारण नव्या निवडणुकीची तयारी पुढे गेली होती.

हे माहीत असलं की 2023 चा महाराष्ट्राचा निकाल आभाळातून पडल्यासारखा वाटत नाही. राज्यपाल चुकले, तरी ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून पूर्वस्थिती आणता येणार नाही, असं त्यात आहे. अरुणाचलात आणता आली, इथे नाही. हा फरक पटण्यासारखा आहे का? माझ्या मते अर्धाच. राजीनामा ज्या चाचणीमुळे द्यावा लागला तीच चुकीची ठरली असेल, तर राजीनाम्याचा भार एकट्या राजीनामा देणाऱ्यावर टाकणं जड जातं. पण ही टीका त्या कारणमीमांसेवर झाली, कोर्टाच्या पक्षावर नाही.

अमेरिकेचा हिशेब इथे लावणं

हल्ली पोरं तिकडचे वाद बघून बोलतात: “सहा-तीन आहे, निकाल आधीच ठरलाय.” तिकडे राष्ट्राध्यक्ष न्यायाधीश नेमतो, त्यामुळे कुणी कुणाला नेमलं हे मोजता येतं. बायडेन यांची शैक्षणिक कर्जमाफी 2023 मध्ये 6-3 ने रद्द झाली, ट्रम्प यांना 2024 मध्ये खटल्यापासून संरक्षण मिळालं तेही 6-3 ने, आणि दोन्हीकडचे सहाही न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले. संशय येणारच. तरी तिथेही 2020 मध्ये लहानपणी देशात आलेल्या स्थलांतरितांची सवलत मोडण्याचा ट्रम्प यांचा निर्णय सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या मतानेच अडला.

आपल्याकडे 1993 पासून कॉलेजियम आहे, म्हणजे न्यायाधीशांची नावं वरिष्ठ न्यायमूर्तीच सुचवतात, त्यामुळे तो हिशेब इथे बसत नाही. इथे बघायचं ते कोणता खटला कोणत्या पीठाकडे गेला, शिफारस झालेली नावं सरकारने किती काळ अडवली, निवृत्तीनंतर कुणाला काय मिळालं. काँग्रेसच्या काळात न्या. बहरुल इस्लाम 1983 मध्ये राज्यसभेत गेले, भाजपच्या काळात माजी सरन्यायाधीश रंजन गोगोई 2020 मध्ये.

तारखा न बघणं

आता खरी गोष्ट. दुटप्पीपणा असलाच तर तो निकालाच्या मजकुरात क्वचित सापडतो, बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, प्रकरण कधी आलं यात जास्त. नोटाबंदी 2016 ची, निकाल जानेवारी 2023 मध्ये. कलम 370 वरच्या याचिका 2019 च्या, सलग सुनावणी ऑगस्ट 2023 मध्ये. निवडणूक रोखे योजना अखेर फेब्रुवारी 2024 मध्ये पाचही न्यायमूर्तींनी एकमताने रद्द केली, पण तोवर रोखे विकले जातच राहिले. शिवसेनेच्या चिन्हावरचं अपील फेब्रुवारी 2023 मध्ये गेलं आणि 2024 ची लोकसभा, विधानसभा दोन्ही होऊन गेल्या.

उशिराचा फायदा सत्तेत असलेल्याला होतो, मग तो कुणीही असो. बोम्मईंची पाच वर्षं आठवा. विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या 12 नावांचंही तेच. आघाडी सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये यादी पाठवली. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं की राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यावा, पण आपण त्यांना हुकूम देऊ शकत नाही. यादी तशीच पडून राहिली आणि सरकार बदलल्यावर मागे घेतली गेली.

जिल्हा परिषदांचा अनुभव तर ताजा आहे. मुदती 2022 मध्ये संपल्या, ओबीसी आरक्षणाच्या वादात ‘जैसे थे’ आदेश लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घ्यायला सांगेपर्यंत प्रशासकच कारभार बघत होते. संभाजीनगर महापालिकेत तर प्रशासक 2020 पासूनच होते. या काळात मुंबईत दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली, आणि प्रशासक हटवायची घाई कुणालाच दिसली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वाद घालायचा असेल तर निकाल उघडून बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर अनेक निकालांचे मराठी अनुवाद मिळतात. शंभर पानांतली सुरुवातीची युक्तिवादांची पानं सोडली तरी चालतील. पहिल्या पानावर पीठ कोणतं, याचिका कोणत्या वर्षाची ते बघा, मग थेट शेवटचे निष्कर्ष वाचा: काय चूक ठरलं ते एका परिच्छेदात असेल, आणि त्याबद्दल प्रत्यक्ष काय दिलं ते बहुधा त्याच्या खालच्या.